मुलांचा अभ्यास आणि घरातल्यांची रोजची कामे : गोव्यात कोणती मोबाइल ॲप्स खरोखर उपयोगी पडतात?

वाळवंटीकाठ (साखळी)

नमस्कार मंडळी,

आमच्या वाचनालयात शनिवारी दुपारी दोन गट जमतात. एक तिसरी-चौथीतल्या मुलांचा, दुसरा साठी ओलांडलेल्या गावकऱ्यांचा. दुसऱ्यात बायका जास्त. दोन्ही गटांत आम्ही मोबाइल वापरतो. पुढच्या वर्षी काय ठेवायचे आणि काय सोडायचे हे ठरवायचे आहे, म्हणून इथे विचारते.

ॲप निवडताना मी एकच बघते : वापरणाऱ्याला त्यात स्वतः काय करावे लागते? मुलाला मोठ्याने वाचावे लागते का, उत्तर आठवावे लागते का? आजीला समोरच्याचे नाव वाचून, रक्कम तपासून मग पिन घालावा लागतो का? असे असेल तर ते अंगवळणी पडते. नुसता व्हिडिओ लावून दिला की मुले शांत बसतात खरी, पण पुढच्या शनिवारी विचारले तर काही सांगता येत नाही.

मुलांच्या गटात सगळ्यात उपयोगी पडले ते गूगलचे 'रीड अलाँग'. २०१९ मध्ये ते 'बोलो' या नावाने भारतात आले, तेव्हा त्यात हिंदी-इंग्रजी होते. पुढे मराठीही आली. मूल पडद्यावरची गोष्ट मोठ्याने वाचते, ॲप ऐकते, आणि शब्द अडला की त्यावर बोट ठेवल्यावर उच्चार करून दाखवते. गोष्टी एकदा उतरवून घेतल्या की पुढे नेट लागत नाही. माझ्या दृष्टीने मोठी गोष्ट अशी, की चारचौघांत वाचायला लाजणारे मूल इथे बिनधास्त वाचते. जोडीला प्रथम बुक्सचे 'स्टोरीवीव्हर'. तिथली चित्रपुस्तके मोफत आहेत, खुल्या परवान्याखाली आहेत, म्हणजे छापून वाटलीत तरी चालते. मराठीबरोबर कोकणी गोष्टीही आहेत, आणि आमच्याकडे घरात कोकणी, शाळेत मराठी अशी मुले भरपूर. त्यांना दोन्ही वाचता आल्या तर हव्याच आहेत.

मोठ्यांच्या गटाचा एक नियम आहे : शिकवणाऱ्याने समोरच्याचा फोन हातात घ्यायचा नाही. कितीही वेळ लागो, बोट त्यांचेच. घरी मुलगा किंवा सून 'आण इकडे, मी करून देतो' म्हणून फोन ओढून घेते आणि काम होते, पण आईला ते पुढच्या वेळीही येत नाही.

तुमचे अनुभव सांगा. रेंज, पावसाळ्यात जाणारी वीज, भाषा, हे सगळे धरून.

म्हापशेकर

ताई, चांगला विषय काढलात. दुकानदार म्हणून लिहितो.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला मोइडा, साळगाव, पेडण्याकडून भाजी, मिरच्या, चोरीस (गोव्याचे मसालेदार सॉसेज) घेऊन येणाऱ्या बायका बसतात. आता बहुतेकींच्या समोर क्यूआर असतो. यूपीआय २०१६ मध्ये आले, त्यामुळे सुट्या पैशांचा वाद बराच मिटला. पण तुम्ही म्हणता तो मुद्दा इथे फार लागू पडतो. पुष्कळ जणींच्या क्यूआरमागचे खाते मुलाचे असते. दिवसभर माल त्या विकतात आणि पैसे किती आले हे संध्याकाळी मुलाला विचारतात. त्यांच्या स्वतःच्या नावाचे खाते, स्वतःचा क्यूआर आणि रक्कम मराठीत बोलून दाखवणारा स्पीकर, एवढे झाले की त्यांना कोणाला विचारावे लागत नाही.

दोन गोष्टी वर्गात नक्की शिकवा. गिऱ्हाइकाने आपल्या फोनवरचे 'पैसे गेले'चे चित्र दाखवले म्हणून माल द्यायचा नाही; तसे चित्र तयार करता येते. आपल्या स्पीकरवर किंवा आपल्या बँकेच्या संदेशात आले तरच आले. आणि रोज सकाळी आपला क्यूआर आपणच स्कॅन करून बघायचा, कोणी वरून दुसरे स्टिकर चिकटवलेले नाही ना.

साळकाठ (मडगाव)

निवृत्त बँक कर्मचारी. म्हापशेकरांच्या मुद्द्याला पुढे नेतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान मी इथेच होताना पाहिले.

मोठ्या माणसांना पहिल्याच दिवशी एक वाक्य पाठ करून घ्यायला सांगा : पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन फक्त द्यायला लागतो. 'तुमचे रिफंड आले आहे, पिन टाका' म्हणणारा माणूस चोर. पूर्वी अनोळखी व्यक्ती 'पैसे मागण्याची' विनंती पाठवू शकत असे. व्यक्ती-व्यक्तींमधली ती सोय यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेने १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली. पण फसवणारे नवी वाट काढतात. सध्या व्हॉट्सॲपवर लग्नाची पत्रिका किंवा वाहतूक दंडाची पावती म्हणून एक फाइल येते. ती उघडली की फोनमध्ये ॲप बसते आणि आलेले ओटीपी वाचू लागते. पत्रिका चित्र असते किंवा पीडीएफ असते. फोन 'इन्स्टॉल करू का' असे विचारत असेल तर ती पत्रिका नव्हे.

पोलिसांच्या गणवेशातला माणूस व्हिडिओ कॉलवर 'तुम्हाला डिजिटल अटक केली' म्हणतो, त्याबद्दलही बोला. अशी अटक कायद्यात नाही. आपल्या राज्यात एकटे राहणारे ज्येष्ठ फार, मुले परदेशात किंवा बोटीवर. त्यांना या धमकीची भीती वाटते आणि ते कोणाला सांगत नाहीत. पैसे गेले तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन करायचा. पहिल्या तासाभरात कळवले तर रक्कम पुढे सरकण्याआधी अडवण्याची शक्यता जास्त असते.

आता चांगली बाजू. बाजारहाटासाठी यूपीआय लाइट लावून द्या. त्यात जास्तीत जास्त ५,००० रुपये ठेवता येतात, एका वेळी १,००० पर्यंत बिनपिनाचे देता येतात. मुख्य खात्याला हात लागत नाही, म्हणजे चुकले तरी नुकसान तेवढेच. पासबुकात दहा-वीस रुपयांच्या नोंदींची रांगही लागत नाही.

आणि ज्यांना सगळेच जड जाते त्यांच्यासाठी २०२४ मध्ये आलेले यूपीआय सर्कल. मुलगी आपल्या खात्यावरून आईला खर्च करायची मुभा देऊ शकते. पूर्ण मुभा दिली तर महिन्याला १५,००० आणि एका वेळी ५,००० ही मर्यादा. नाहीतर प्रत्येक खर्चाला मुलीची मान्यता लागते. साधा बटणांचा फोन असेल तर २०२२ पासून यूपीआय १२३पे आहे. स्मार्टफोन घेतलाच पाहिजे अशी सक्ती आई-वडिलांवर करू नका.

सुरंगी

फोंड्याला नर्सिंग करते. शिकण्याबद्दल लिहायचे आहे, जरा लांब होईल.

आम्हाला शरीररचना, औषधांची नावे, मात्रा असे पाठांतर खूप. बहुतेक मुली पुस्तक पुन्हा पुन्हा वाचतात, रंगीत पेनांनी खुणा करतात. मी 'अँकी' वापरते. अँड्रॉइडवर 'अँकीड्रॉइड' नावाने मोफत मिळते. एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर अशी पत्ते असतात तशी कार्डे. आधी मनात उत्तर द्यायचे, मग पत्ता उलटायचा, आणि सोपे गेले की अवघड ते सांगायचे. सोपे गेलेले कार्ड कित्येक दिवसांनी परत येते, अडलेले थोड्याच वेळात.

यामागचे कारण जुने आहे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवले की पाठ केलेले सुरुवातीला झपाट्याने विसरते आणि मग विसरण्याचा वेग कमी होतो. योग्य अंतराने उजळणी केली तर ते टिकते. २००६ मध्ये रोडिगर आणि कारपिके यांनी विद्यार्थ्यांचे दोन प्रकारे वाचन घेतले : काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणून पुन्हा वाचताना 'मला येते' असे वाटते आणि परीक्षेच्या आदल्या रात्री घाबरायला होते.

वाळवंटीकाठ ताई जे म्हणतात, की शिकणाऱ्याला स्वतः काहीतरी करावे लागले पाहिजे, त्याला हा पाया आहे. आणि तयार कार्डे उतरवून घेण्यापेक्षा स्वतः बनवावीत. कार्ड बनवताना 'नेमका प्रश्न काय' हे ठरवावे लागते, तिथेच अर्धा अभ्यास होतो. माझी कार्डे इंग्रजी-मराठी मिश्र आहेत. संज्ञा इंग्रजीत, पण 'म्हणजे रुग्णाला काय होते' हे मराठीत, कारण वॉर्डात मला तसेच बोलायचे असते.

पैंगीणकर

सगळ्यांचे वाचले. माझे थोडे वेगळे मत आहे आणि ते स्पष्ट मांडतो.

२०२० च्या टाळेबंदीत काणकोण, सांगे, सत्तरीतली मुले रेंजसाठी डोंगर चढत होती, हे सगळ्यांनी वर्तमानपत्रांत वाचले. आम्ही ते घरात पाहिले. ज्याच्याकडे फोन आणि टेकडी दोन्ही नव्हते त्याचे वर्ष गेले. आजही आमच्या काही वाड्यांवर पावसात वीज गेली की टॉवर थोड्या वेळात बंद पडतो. त्यामुळे कोणतेही शिक्षण 'ॲपवर आहे' म्हटले की मी आधी विचारतो, नेट नसताना त्याचे काय?

दुसरे, वय. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये लहान मुलांसाठी सांगितले : वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा अजिबात नको, दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसातून एका तासापेक्षा जास्त नको, आणि कमी असेल तर उत्तम. तरीही अडीच वर्षांच्या मुलाला जेवताना 'शैक्षणिक' गाणी लावून देणारी घरे मी रोज पाहतो. त्यातून मूल शिकत नाही, तोंड उघडते एवढेच. तिसरी-चौथीच्या मुलांचे ताई करतात ते ठीक, कारण समोर माणूस बसलेले आहे. घरी ते कोण करणार?

वाळवंटीकाठ

पैंगीणकर, वयाबद्दल पूर्ण सहमत. आमच्याकडे पहिलीच्या आतल्या मुलांना फोन देत नाही, त्यांच्यासाठी पुस्तके, चिंचोके आणि शेणाने सारवलेले अंगण आहे. मोठ्या मुलांनाही फोन जोडीत एक मिळतो, एक वाचतो, दुसरा ऐकून चुका सांगतो, मग बदल. घरी कोण करणार, याला माझ्याकडे पुरे उत्तर नाही. ज्यांची आजी किंवा ताई शेजारी बसते ती मुले पुढे जातात, एवढे दिसते.

नेटबद्दल जाणकारांनी लिहावे.

कोकमसोल (पर्वरी)

सॉफ्टवेअरमध्ये आहे, लिहितो.

नेट नसताना काय चालते हे ओळखायची सोपी रीत : ॲप बसवा, हवे ते उतरवून घ्या, मग फोन विमान मोडवर टाका आणि वापरून बघा. वर्गाच्या आदल्या दिवशी हे केले की फजिती होत नाही. रीड अलाँग आणि अँकी असे चालतात. भूमितीसाठी 'जिओजिब्रा' चालते. त्रिकोणाचा कोपरा ओढला की कोन बदलतात पण बेरीज १८० च राहते, हे मुलाने स्वतः ओढून पाहिले की प्रमेय सांगावे लागत नाही. विज्ञानासाठी कोलोरॅडो विद्यापीठाचे 'फेट' बघा, त्याचे बरेचसे प्रयोग मराठीत भाषांतरित आहेत आणि संकेतस्थळावरून एकेक उतरवून ठेवता येतात. विद्युत मंडल जोडायचा प्रयोग आठवीच्या मुलांना द्या. तार चुकली की दिवा लागत नाही, ती आपली आपण शोधतात. पाठ्यपुस्तके हवी असतील तर बालभारतीची पीडीएफ मोफत आहेत. आपल्या शाळांत ती लागू नसली तरी जादा वाचनाला छान. 'दीक्षा' हे केंद्राचे व्यासपीठ २०१७ पासून आहे, त्यातलेही साहित्य आधी उतरवून घेता येते.

एक ताकीद. मुलांच्या नावाने खाती उघडू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांची माहिती घ्यायला पालकांची पडताळता येणारी संमती लागते असे म्हटले आहे. वाचनालयाच्या फोनवर खाते लागत नाही अशीच ॲप्स ठेवा. आणि परवानग्या बघा. पाढे शिकवणाऱ्या ॲपला तुमची संपर्क यादी कशाला हवी?

कुळागरवाला (सत्तरी)

मी शिकलेला कमी, पण दोन ॲप्सबद्दल सांगण्यासारखे आहे.

'दामिनी'. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचे. आपण आहोत तिथून २० ते ४० किलोमीटरच्या टापूत वीज पडत असेल तर इशारा देते. आमच्याकडे काजूचा हंगाम एप्रिल-मेपर्यंत चालतो, आणि वळवाच्या पावसात दुपारनंतर डोंगरावर विजा होतात. बोंडू गोळा करणारी माणसे झाडाखाली उभी राहतात, तिथेच धोका. इशारा आला की काम टाकून पक्क्या छपराखाली यायचे, झाडाखाली नाही. आमच्या वाड्यावर गडी-माणसांपैकी एकाच्या तरी फोनवर हे असतेच. डोंगराच्या पोटात रेंज नसते, म्हणून तो माणूस कड्याकडच्या बाजूला काम करतो.

दुसरे, पक्ष्यांचे. कॉर्नेल विद्यापीठाचे 'मर्लिन'. पाखराचा आवाज ऐकवला की नाव सुचवते. आपल्या भागाचे पॅक उतरवले की रेंज लागत नाही. पावसात पहाटे ओढ्यावर माणसासारखी शीळ घालतो तो शीळकरी कस्तूर, हे लहानपणापासून ऐकत होतो, दिसायला कसा ते माझ्या नातवाने ओळखून दाखवले. आता तो वहीत तारीख, जागा आणि आवाज कधी ऐकला ते लिहितो. शाळेत अक्षर काढायला कंटाळणारा मुलगा आहे, या वहीत मात्र पानेच्या पाने.

पण माटोळीच्या (गणपतीच्या वर रानफळे बांधून सजवलेल्या चौकटीच्या) वेळी जपा. चवथीला मुले रानातून कवंडळे, कांगणां, नाना प्रकारची फळे आणतात आणि फोनचा कॅमेरा धरून नाव शोधतात. कॅमेऱ्याला कच्चे-पिके कळत नाही, सारख्या दिसणाऱ्या दोन वेलींत घोळ होतो. कवंडळाचे लाल फळ दिसायला सुरेख, पण विषारी. माटोळीला बांधायचे, तोंडात घालायचे नाही. नाव फोनने सांगितले तरी खायचे की नाही ते घरच्या जाणत्या माणसाला विचारायचे.

सुरंगी

काका, नातवाच्या वहीचे वाचून फार बरे वाटले! झाडांसाठी 'सीक' म्हणून आहे, 'आयनॅचरलिस्ट'वाल्यांचे. खाते उघडावे लागत नाही, म्हणून मुलांना चालेल. मोठे झाल्यावर मूळ आयनॅचरलिस्टवर फोटो टाकला तर जगभरची जाणकार मंडळी ओळख तपासतात. कॅमेऱ्याच्या उत्तरावर माणसाची नजर पडते. खाण्याबद्दल मात्र तुमचेच बरोबर.

अबोली

माझ्या थोरल्या भावाला दिसत नाही. त्याच्या वतीने लिहिते, तो शेजारी बसून सांगतो आहे.

तुमच्यासाठी ॲप म्हणजे सोय आहे. त्याच्यासाठी ते दार आहे. अँड्रॉइडमधले 'टॉकबॅक' पडद्यावरचे सगळे वाचून दाखवते, मराठीतही. त्यावर तो वर्तमानपत्र वाचतो, वीजबिल भरतो, आम्हाला उलट संदेश पाठवतो. रिझर्व्ह बँकेचे 'मनी' ॲप १ जानेवारी २०२० ला आले. कॅमेऱ्यासमोर नोट धरली की किती रुपयांची ते सांगते, आणि एकदा बसवले की नेट लागत नाही. नोट खरी की खोटी ते मात्र सांगत नाही, हे लक्षात ठेवावे. पूर्वी बसमध्ये सुटे परत मिळाले की तो आम्हाला घरी आल्यावर मोजायला द्यायचा. आता स्टँडवरच बघून घेतो.

ॲप बनवणाऱ्यांना त्याचे सांगणे : बटणाला नाव द्या. एका सेवेच्या ॲपमध्ये 'भरा' या बटणावर टॉकबॅक नुसते 'बटण' म्हणते. तीन बटणे, तिन्ही 'बटण'. पैशाच्या पानावर असे झाले तर माणसाने काय करायचे? कोकमसोल, तुमच्या क्षेत्रातल्या लोकांना हे पोचवा.

ऐकू कमी येणाऱ्यांसाठी 'लाइव्ह ट्रान्स्क्राइब' आहे, समोरचा बोलतो ते मराठीत लिहून दिसते. आमच्या शेजारच्या आजोबांना दवाखान्यात त्याचा उपयोग होतो. डॉक्टरांचे बोलणे ते स्वतः वाचतात आणि स्वतः प्रश्न विचारतात.

कोकमसोल

अबोली, बटणाला नाव देणे हे विकसकाचे मिनिटभराचे काम असते, टाळण्याला कारण नाही. आमच्या चमूत उद्याच मांडतो. दादांना सांगा, अशा ॲपच्या प्ले स्टोअरवरच्या पानावर विकसकाचा ईमेल असतो. तिथे 'या पानावरची तीन बटणे टॉकबॅकला वाचता येत नाहीत' असे नेमके लिहिले की दुरुस्ती लवकर होते. हवे तर मसुदा मी करून देतो.

जुने_दस्त (फोंडा)

थोडा वेगळा उपयोग. आपल्याकडे १९६१ च्या आधीचे जमिनीचे आणि नोंदणीचे कागद पोर्तुगीजमध्ये. घराघरात पेटीत पडून आहेत आणि वाचता कोणाला येत नाहीत. छापील मजकूर असेल तर फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर बऱ्यापैकी समजते. कोणाच्या नावाचा, कुठल्या गावचा, कशाबद्दलचा कागद आहे एवढा अंदाज येतो. हाताने लिहिलेल्या वळणदार अक्षरापुढे त्याचे काही चालत नाही. आणि वाटणी, हिस्सा, हक्क असल्या बाबतीत त्या भाषांतरावर एक पाऊलही टाकू नका, जाणकार वकिलाकडूनच वाचून घ्या. कोणता कागद आधी वकिलाकडे न्यायचा, ते ठरवायला मात्र ते पुरते.

पोर्तुगीज शिकायला पुष्कळ तरुण 'ड्युओलिंगो' लावतात. रोजच्या सवयीसाठी चांगले, पण तिथली पोर्तुगीज ब्राझीलची आहे. उच्चार आणि काही शब्दरचना लिस्बनच्या भाषेहून वेगळ्या. जुने कागद वाचायचे असतील तर जोडीला शिक्षक हवाच.

कोकणीचेही सांगतो. मे २०२२ मध्ये गूगल ट्रान्सलेटमध्ये कोकणी आली. सरकारी पत्राचा मसुदा समजून घ्यायला ठीक. बोलीतली म्हण घातली की गडबडते.

म्हापशेकर

प्रवासाबद्दल कोणी लिहिले नाही. थिवी किंवा करमळीला गाडीची वाट बघणाऱ्यांसाठी 'व्हेअर इज माय ट्रेन'. गाडीत बसल्यावर ते मोबाइल टॉवरवरून ठिकाण ओळखते, नेट लागत नाही. कोकण रेल्वेच्या बोगद्यात अर्थातच थांबते, बाहेर आले की परत चालू. अनारक्षित तिकिटासाठी रेल्वेचे 'रेलवन', १ जुलै २०२५ ला आले. तिकीट स्टेशनात शिरण्याआधीच काढून ठेवा, फलाटावर उभे राहून काढायला गेलात तर अडते.

पैंगीणकर

डिजिलॉकरबद्दल विचारायचे होते. वडिलांच्या फोनमध्ये लायसन्सचा फोटो आहे. तपासणीत तो चालत नाही म्हणून दंड झाला. मग डिजिलॉकर कशासाठी म्हणतात?

साळकाठ

पैंगीणकर, फोटो आणि डिजिलॉकर यांत कायद्याने फरक आहे. डिजिलॉकर १ जुलै २०१५ ला सुरू झाले. त्यात दोन कप्पे असतात. एकात खात्याकडून थेट आलेली कागदपत्रे, दुसऱ्यात आपण स्वतः चढवलेली. पहिल्या कप्प्यातले लायसन्स आणि आरसी मूळ कागदाच्या बरोबरीचे मानले जाते. २०१८ मध्ये मोटार वाहन नियमांतही तशी तरतूद आली. आपण काढलेला फोटो दुसऱ्या कप्प्यात टाकला तरी तो फोटोच राहतो. वडिलांना आधार क्रमांकाशी जोडलेल्या मोबाइलवरून नोंदणी करायला सांगा, मग 'वाहतूक मंत्रालय' निवडून लायसन्सचा क्रमांक घालायचा. रस्त्यात रेंज नसेल याची धास्ती असेल तर निघण्याआधी घरी ते पान उघडून ठेवायचे, आणि मूळ कार्ड पाकिटात असू द्यायचे.

दवाखान्याचेही सांगून ठेवतो. 'आभा' हा १४ अंकी आरोग्य क्रमांक काढला असेल, तर ज्या रुग्णालयात ती सोय आहे तिथे क्यूआर स्कॅन करून केसपेपरची नोंदणी होते, रांग वाचते. साध्या दुखण्याला 'ई-संजीवनी'वर डॉक्टरांशी मोफत बोलता येते. छातीत दुखत असेल, श्वास लागत असेल तर ॲप उघडत बसू नका, १०८.

पैंगीणकर

कळले. रविवारी घरी जाईन तेव्हा बसवतो. बसवतो म्हणजे, वडिलांकडून बसवून घेतो.

वाळवंटीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार, इतके नेमके लिहाल असे वाटले नव्हते.

आमचे ठरते आहे ते असे. मुलांच्या गटात रीड अलाँग चालू ठेवू, चौथीला अँकी आणू पण कार्डे मुलांनीच लिहायची. पावसाळ्यात कुळागरवाला काकांच्या नातवासारखी पाखरांची वही. मोठ्यांच्या गटात पहिला शनिवार फक्त पिन आणि फसवणूक, साळकाठ काकांचे वाक्य फळ्यावर लिहून. त्यानंतर डिजिलॉकर. टॉकबॅक मी स्वतः शिकून घेणार आहे, कारण आमच्या गटात मोतीबिंदूमुळे अंधुक दिसणाऱ्या दोघी आहेत आणि त्यांना आतापर्यंत आम्ही फक्त अक्षर मोठे करून दिले.

सुरंगी, एक अडचण. वाचनालयात तीन फोन आहेत, नेट एकाच फोनवर. एका फोनवर मुलांनी बनवलेली कार्डे बाकीच्या दोन्हींवर कशी न्यायची?

सुरंगी

ताई, सोपे आहे. अँकीड्रॉइडमध्ये गठ्ठ्यावर बोट दाबून धरा, 'एक्सपोर्ट' येईल. त्यातून एक फाइल तयार होते. ती ब्लूटूथने किंवा केबलने दुसऱ्या फोनवर न्यायची आणि तिथे उघडायची. नेट लागत नाही. मात्र 'वेळापत्रकासह' अशी खूण असते ती काढून टाका, नाहीतर एका मुलाची उजळणीची तारीख दुसऱ्याच्या फोनवर जाईल. प्रत्येक मुलासाठी वेगळा गठ्ठा ठेवलात तर तीन फोनही पुरतील.

कोकमसोल

या शनिवारी मी डिचोलीला येतोय, साखळीला दोनपर्यंत पोचेन. तिन्ही फोन चार्ज करून ठेवा आणि चौथीची दोन मुले आधी थांबवून घ्या. गठ्ठा कसा पाठवायचा ते त्यांनाच दाखवतो, म्हणजे पुढच्या वेळी तुम्हाला कोणाची वाट बघावी लागणार नाही.